कुत्र्या-मांजराचे वैर

दोन भावंडांचे एकमेकांशी पटेनासे झाले, की घरातील वडील माणसे त्यांना कुत्र्या-मांजराची उपमा देतात. या उपमेचा अर्थ कोणास विचारावा लागत नाही. कुत्रा आणि मांजर यांचे जन्मजात हाडवैर आहे, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ज्यांचे वैर कधीच मिटत नाही अशा प्राण्यांसाठी संस्कृत व्याकरणात एक स्वतंत्र नियमच आहे. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी पाणिनीने असे सांगून ठेविले, की अशा कायमच्या वैऱ्यांची नावे जोडून समास केला, तर तो एकवचनी होतो. 'अहिनकुल' म्हणजे साप आणि मुंगूस, 'मार्जारमूषक' म्हणजे मांजर आणि उंदीर, ही त्याची नेहमीची उदाहरणे. वैरी दोन, पण शब्दाचे वचन एकच! रानात ज्यांना एकत्र राहता येत नाही त्यांना व्याकरणाने एका शब्दात नांदावयास लाविले आहे.

कुत्र्या-मांजराची जोडीही लोक याच यादीत घालतात. परंतु वैर म्हणजे मनात धरून ठेवलेला राग. समोरच्याने काही केले नाही तरी तो डोळ्यांपुढे नकोसा होतो. कुत्र्याच्या मनात मांजराविषयी असा राग असतो काय? हे पाहण्यासाठी फार लांब जावयास नको. सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील कोणत्याही गावात भर दुपारी एखाद्या घराच्या अंगणाकडे घटकाभर लक्ष ठेवले, तरी पुरे.

लिंबाच्या सावलीत कुत्रा पाय पसरून पडलेला असतो. कुडाच्या कडेने मांजर दबकत, एकेक पाऊल टाकीत जाते. कुत्रा एक डोळा किलकिला करून पाहतो आणि पुन्हा मिटून घेतो. इतक्यात आडावर कोणाच्या हातून घागर निसटते, खणकन आवाज होतो, मांजर दचकून धूम ठोकते. आणि क्षणापूर्वी झोपेत असलेला कुत्रा बाणासारखा तिच्या मागे सुटतो. मांजर शेवग्याच्या फांदीवर जाऊन बसते. कुत्रा बुंध्याशी दोन पाय टेकवून चार वेळा भुंकतो, आणि मग काहीच झाले नाही अशा चेहऱ्याने सावलीत परत येतो.

कधी याच्या उलटही घडते. पळताना मांजर दोन भिंतींच्या कोपऱ्यात सापडते. आता पुढे वाट नाही. ती वळते, पाठीची कमान करते, अंगावरचा केस न् केस उभा करून दुप्पट मोठी दिसू लागते आणि दात विचकून फिसकारते. एवढ्या आवेशाने आलेला कुत्रा अशा वेळी बहुधा चार हातांवर थबकतो. तो भुंकतो, डावीकडे सरकतो, उजवीकडे सरकतो, पण पुढे पाऊल टाकीत नाही. ते खरोखरीचे वैर असते, तर वैरी कोंडीत सापडल्यावर त्याचा उत्साह वाढावयास हवा होता. येथे मांजराने पळणे थांबविले, आणि कुत्र्यास पुढे काय करावे तेच सुचेना. तेव्हा कुत्रा मांजराच्या मागे लागतो असे म्हणण्यापेक्षा पळणाऱ्या वस्तूच्या मागे लागतो, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

असे का व्हावे, हे कळण्यास कुत्र्याच्या पूर्वजांकडे वळले पाहिजे. कुत्रा हा लांडग्याचा वंशज होय. निदान पंधरा हजार वर्षांपूर्वी, माणूस अजून शेतीही करू लागला नव्हता त्या काळी, लांडग्यांच्या काही टोळ्या त्याच्या वस्तीजवळ राहू लागल्या आणि त्यांचेच पुढे कुत्रे झाले. साताऱ्याच्या पूर्वेस माण-खटाव आणि सांगलीच्या पूर्वेस आटपाडी-जत या कमी पावसाच्या मुलखातील माळरानांवर लांडग्याचा वावर आहे. तो शिकार करतो तेव्हा तिच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. प्रथम तो सावज हेरतो. मग त्यावर नजर रोखतो. अंग चोरून जवळ सरकतो. सावज उधळले की पाठलाग करतो. मग पकडतो आणि ठार मारतो. यांतील प्रत्येक पायरी तिच्या आधीच्या पायरीने जागी होते. पाठलागाची पायरी जागी करणारी खूण एकच : समोरचा प्राणी पाठ दाखवून पळू लागणे. ठाम उभे राहिलेले जनावर लांडग्यासही विचारात पाडते, कारण उभे राहणाऱ्याजवळ शिंगे असतात आणि लाथही असते.

कुत्र्यास माणसाच्या हातची भाकरी मिळू लागली, तशा या साखळीच्या शेवटच्या कड्या पुष्कळ कुत्र्यांत ढिल्या झाल्या. पकडल्यावर काय करावयाचे ते अनेक कुत्र्यांस उमगतही नाही. मधली कडी मात्र शाबूत राहिली. धावण्यात पोट भरत नसले, तरी धावण्याचा आनंद कुत्र्यास मिळतोच. म्हणून तो चेंडूमागे धावतो आणि वाऱ्याने उडालेल्या पाचोळ्यामागेही धावतो. पाचोळ्याशी कोणाचे वैर असणार?

कुत्र्याच्या डोळ्याची घडणही या कामास साजेशी आहे. बारीकसारीक तपशील माणसाइतका स्पष्ट त्यास दिसत नाही. पण हालचाल तो चटकन टिपतो. पोलिसांच्या १४ कुत्र्यांची एकदा अशी परीक्षा घेण्यात आली होती. त्यांतील सर्वांत तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांनी हलती वस्तू ८१० ते ९०० मीटरांवरून ओळखली. तीच वस्तू स्थिर ठेवली, तेव्हा ती ओळखण्यास अंतर ५८५ मीटरांवर किंवा त्याहून कमी आणावे लागले. म्हणजे भिंतीशी निश्चल बसलेले मांजर आणि अंगण ओलांडून पळणारे मांजर ही कुत्र्याच्या दृष्टीने जणू दोन निराळीच जनावरे आहेत.

हे ज्ञान केवळ मांजराच्या उपयोगाचे नाही. रस्त्याने जाणाऱ्या सायकलच्या चाकांमागे कुत्रे का लागतात, आणि शाळेच्या वाटेवर एखादे मूल भिऊन पळू लागले की शांत बसलेला कुत्राही का उठतो, याचे उत्तर येथेच आहे. पळणारे मूल त्याच्या डोळ्यांस पळणारे सावजच दिसते. आणि मुलाने कितीही जोर केला तरी कुत्र्याहून जलद त्यास धावता येत नाही. अशा वेळी जागच्या जागी उभे राहावे, हात अंगाशी धरावे, कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये, ओरडू नये. तो हुंगून निघून गेला की सावकाश चालू लागावे. हे सांगण्यास सोपे आणि करण्यास अवघड आहे खरे, कारण भिऊन पळणे हीदेखील एक उपजत प्रवृत्तीच आहे. आणि कुत्रा चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागतो. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा दिसू लागला, की त्यातून माणूस सहसा वाचत नाही. वेळेवर टोचलेली लस मात्र त्यास रोखते. घरी रागावतील म्हणून चावा लपविणारी मुले स्वतःचा जीव धोक्यात घालतात.

आता मांजराची बाजू. मांजर भित्रे आहे म्हणून पळते, असे समजणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे होईल. तिचे पूर्वज पश्चिम आशियातील रानमांजरे होत. धान्याची कोठारे झाली, कोठारांत उंदीर आले आणि उंदरांमागे ती सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी माणसाजवळ आली. लांडगा टोळीने शिकार करतो, तर रानमांजर एकटे. एकटे राहणाऱ्याचा पाय जायबंदी झाला, तर त्यास आयते आणून देणारे कोणी नसते. म्हणून झुंज टाळणे हेच तिचे शहाणपण. शिवाय उंदराची शिकार करणारी ही मांजर कोल्ह्या-लांडग्यांची स्वतःच शिकार असते. देहाने लहान असलेल्या या प्राण्यास निसर्गाने दोन देणग्या दिल्या आहेत : थोड्या अंतरासाठी विलक्षण वेग, आणि आत ओढून घेता येणारी, म्हणून कधी बोथट न होणारी नखे. कुत्र्याची नखे सदा जमिनीवर घासून बोथट झालेली असतात. झाडाच्या बुंध्याशी त्याचे राज्य संपते. मांजर पळते ते झाडापर्यंतच. तिची अडचण एवढीच, की जीव वाचविणारे हे पळणेच कुत्र्यास मागे लागण्याचे आमंत्रण देते.

मार्जारकुळातील प्राणी आकाराने मोठा असला म्हणजे सारे चित्र पालटते. कराड, पाटण, शिराळा, वाळवा या तालुक्यांत उसाच्या फडांतून बिबटे वावरतात. बिबट्या हाही मांजराचाच भाऊबंद; पण तेथे रात्री पाठलाग कुत्र्याचा होतो. दिवसा मांजरामागे धावणारा गावातला शूर कुत्रा बिबट्याचा वास येताच शेपूट पोटाशी घेऊन दाराशी येऊन पडतो. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले भागात बिबट्यांच्या विष्ठेवरून त्यांच्या आहाराचा अभ्यास केला. बिबट्यांनी खाल्लेल्या एकंदर मांसापैकी ३९ टक्के मांस एकट्या कुत्र्यांचे होते. दुसऱ्या कोणत्याही एका प्राण्याचा वाटा इतका नव्हता. या वैराची बातमी मांजरांच्या बाजूने लिहिली गेली असती, तर पाठलाग करणाराचे नाव निराळे पडले असते.

सांगली आणि सातारा यांच्या पश्चिम सीमेवर, २०१० साली स्थापन झालेल्या सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, याचीही उलट बाजू आढळते. चांदोली आणि कोयना ही दोन्ही राने त्यात येतात. तेथील कोळसुंदे, म्हणजे तांबूस रंगाचे रानकुत्रे, कळपाने हिंडतात. एकटा कोळसुंदा बिबट्यापुढे उभा राहणार नाही. पण कळप मिळून बिबट्यास झाडावर चढावयास लावतो, असे भारतातील अरण्यांत पाहिले गेले आहे. झाडावर मांजर, खाली कुत्रे. अंगणातलेच चित्र, फक्त पुष्कळ मोठे. कोणी कोणामागे धावावे हे जातीवरून ठरत नाही. अंगाचा आकार आणि सोबत्यांची संख्या यांवरून ठरते.

मग कुत्रा खरोखर चिडून कधी धावत नाही काय? धावतो; पण ते धावणे वेगळे. साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर माहुली हे क्षेत्र आहे. तेथे एका कुत्र्याची समाधी दाखवितात. १७०८ ते १७४९ या काळात सातारच्या गादीवर असलेल्या शाहू महाराजांचा हा आवडता कुत्रा. त्याचे नाव खंड्या. शिकारीच्या वेळी वाघाने झडप घातली असता खंड्या मध्ये पडला आणि महाराजांचे प्राण वाचले, अशी कथा आहे. महाराजांनी त्यास पालखीचा मान दिला, जहागीरही दिली, असे सांगतात. कुत्र्याने जहागिरीचे काय केले असेल हा प्रश्न वेगळा! पण पळणाऱ्या मांजरामागे धावणारा कुत्रा आणि चालून येणाऱ्या वाघाकडे धावणारा खंड्या यांच्यात काहीच साम्य नाही. पहिल्याचा चेहरा शांत, कान पुढे, सारे लक्ष त्या पळणाऱ्या ठिपक्यावर. दुसऱ्याची मान ताठ, केस उभे, दात बाहेर, घशात गुरगुर. १९६० च्या सुमारास मांजरांच्या मेंदूवर जे प्रयोग झाले, त्यांत रागाने केलेला हल्ला आणि शिकारीसाठी केलेला शांत हल्ला हे मेंदूच्या निरनिराळ्या जागा उत्तेजित केल्याने घडून येतात, असे दिसून आले. ज्याला लोक वैर म्हणतात ते पहिल्या जागेत असते. मांजरामागची धाव सहसा दुसऱ्या जागेतून निघते. अर्थात मांजराला या भेदाचे सुख वाटण्याचे कारण नाही. सापडली तर दुखापत तीच.

पाठलागाची ओढ उपजत आहे हे मान्य केले, तरी ती कोणामागे वळावी हेही जन्मापासून ठरलेले असते काय? या प्रश्नाचे अर्धे उत्तर धनगरांच्या वाड्यावर मिळते. दिवाळीनंतर फलटणकडील धनगर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. रात्री वाघरीच्या जाळीत मेंढरे कोंडलेली असतात आणि जाळीबाहेर कुत्रे राखण करतात. कोकरे उड्या मारतात, पळतात, कुत्र्याच्या अंगावरून जातात. तो मान वर करीत नाही. लांडग्याच्या या वंशजास मेंढराच्या मागे का धावावेसे वाटू नये? कारण तो मेंढरांतच वाढलेला असतो. याच भागात, विशेषतः जतच्या बाजूस, लांब तोंडाचे आणि उंच पायांचे कारवानी कुत्रे पाळतात. शेजारच्या कर्नाटकातील मुधोळच्या नावाने ते अधिक प्रसिद्ध आहेत. २००५ साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले. पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावणारे कुत्रेच निवडून त्यांची पैदास केली गेली. त्यामुळे पळती वस्तू दिसली की त्यांस आवरणे कठीण जाते. एका ठिकाणी माणसाने पाठलागाची ओढ निजविली, दुसऱ्या ठिकाणी ती धार लावून ठेविली.

उरलेले अर्धे उत्तर एका चिनी शास्त्रज्ञाने दिले. क्वो हे त्यांचे नाव. मांजर आणि उंदीर यांचे वैर तर व्याकरणातसुद्धा नित्य मानलेले. तेच त्यांनी तपासावयास घेतले आणि १९३० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. मांजराच्या पिलांचे त्यांनी तीन गट केले. उंदीर मारणाऱ्या आईजवळ वाढलेल्या २१ पिलांपैकी १८ पिलांनी मोठेपणी उंदीर मारले. एकेकटी वाढविलेली पिले २० होती. त्यांपैकी ९ पिलांनी मारले. आणि लहानपणापासून उंदरांच्या सोबतीत वाढलेल्या १८ पिलांपैकी केवळ ३ पिलांनी मारले. त्यातही ज्या जातीच्या उंदराबरोबर आपण वाढलो, त्या जातीच्या उंदरास त्या तिघांनी नखही लाविले नाही. त्यांनी मारले ते परक्या जातीचे. मांजराच्या अंगी शिकारीची ओढ नव्हती असा याचा अर्थ नाही. ओढ होती, परंतु सावज कोण आणि सोबती कोण, हे त्यांनी बालपणी ठरवून टाकले होते.

कुत्र्याच्या पिलाचे हे शिकण्याचे वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत असते, असे अमेरिकेतील स्कॉट आणि फुलर यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणानंतर दाखविले. मांजराच्या पिलाचे हे वय आणखी लौकर येते आणि लौकर सरते, दुसऱ्यापासून सातव्या आठवड्यापर्यंत. या दिवसांत ज्याच्या अंगाचा वास नाकात बसतो, तो पुढे आपला वाटतो.

आपलेपणा आला तरी भाषेची अडचण राहते. कुत्रा शेपूट हलवितो तेव्हा तो बहुधा खूष असतो. मांजर शेपूट फटकारते तेव्हा ती त्रासलेली असते. कुत्रा उताणा पडतो तो नमते घेण्यासाठी. मांजर उताणी पडून चारी पायांची नखे मोकळी करते ती पुष्कळदा लढण्यासाठी. खेळावयास बोलाविताना कुत्रा पुढचे पाय पसरून छाती जमिनीस टेकवितो आणि मग एकदम उडी घेतो. मांजरास ती उडी हल्ल्याची वाटते. एकाने नमस्कार करावा आणि दुसऱ्याने तो ठोसा समजावा, तसा हा प्रकार. तथापि प्राणी परकी भाषाही शिकतात. इस्रायलमध्ये तेल अवीव येथील अभ्यासकांनी २००८ साली कुत्रा आणि मांजर एकत्र पाळणाऱ्या घरांची पाहणी प्रसिद्ध केली. बहुतेक घरांत दोघांचे बरे चाललेले आढळले. मांजर सहा महिन्यांच्या आत आणि कुत्रा वर्षाच्या आत असताना ओळख झाली असेल, तेथे स्नेह अधिक होता. आणि एकमेकांच्या उलट अर्थाच्या खुणाही त्यांनी बऱ्याच अंशी ओळखावयास सुरुवात केली होती. मांजरे जशी नाकाला नाक लावून एकमेकांस भेटतात, तसे कुत्रेही मांजरास भेटू लागले होते.

खेड्यांतही अशी घरे कमी नाहीत. चुलीच्या उबेला एकाच पोत्यावर कुत्र्याचे पिलू आणि मांजराचे पिलू एकमेकांवर माना टाकून वाढतात. मोठेपणी मांजर त्या कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून खुशाल झोपते आणि त्याच्या थाळीतले दूधही आधी चाटून घेते. शेजारचे मांजर कुंपणावरून अंगणात उतरले आणि पळू लागले, तर हाच कुत्रा उठतो आणि त्यास गल्लीच्या टोकापर्यंत पिटाळून येतो. घरचे मांजर तोवर पोत्यावर पाय लांब करून त्याची रिकामी जागाही व्यापून बसते.